दुसरा टप्पा

व्हीलचेअर टेनिसमध्ये तिला चेंडूचे दोन टप्पे माफ. उभ्याने खेळणाऱ्या दादाला एकच. अठरा वर्षं रोज सरावात तो चिडवत आला, “मजा आहे बुवा तुझी!” पदकं आली, खुर्च्या झिजल्या, प्रशिक्षक बदलले, जाळीपलीकडे मात्र दादाच. तिच्या शेवटच्या स्पर्धेसाठी त्याने गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय, हे काल वहिनीच्या तोंडून निसटलं. आज तिने नेहमीसारखाच कोपऱ्यात चेंडू मारला. हळू मारला असता तर दादा भडकला असता. तो लंगडत धावला. एक टप्पा पडला, दुसराही पडला, मग कुठे रॅकेट पोचली आणि चेंडू तिच्यामागे रेषेवर आदळला. “दोन झाले. गुण तुझा,” तो धापा टाकत म्हणाला. तिने रॅकेट आणि चाकामध्ये चेंडू दाबून उचलला, त्याच्याकडे टोलवला. “तुलाही दोन माफ,” ती म्हणाली, “मजा आहे बुवा तुझी!”