मरायला विसरलेल्या

“दिसतंय का?” मनस्विनीनं विचारलं.

आप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पैठणहून पहिल्या एसटीनं ते संभाजीनगरला आले होते, तरी धोतराची घडी मोडली नव्हती. प्रयोगशाळेत कुणी एवढं नीटनेटकं होऊन येत नाही.

“दगडी फरशी बसवल्यागत दिसतंय. हे जित्तं हाय?”

“जिवंत आहे. कॅन्सरच्या पेशी. आपल्या साध्या पेशी वेळ झाली की मरतात. या मरायला विसरल्यात.”

“म्हंजे मरणारच नाय?”

“खाऊपिऊ घातलं, अंगाइतक्या उबेत ठेवलं, तर वाढतच राहतात.” तिनं कोपऱ्यातली उबदार पेटी दाखवली.

आप्पासाहेब उठले, पेटीच्या दारावर तळहात ठेवून उभे राहिले. बाहेर मे महिन्याचं ऊन जालना रोड भाजून काढत होतं, आणि हा माणूस ऊब घेत होता.

“पाणी कुठलं देता ह्यांना?”

“फिल्टरचं. दोनदा गाळलेलं.”

“बघा! धरणाच्या कुशीत आमचं गाव, ते टँकरवर. तुमच्या शहरात नळ आठवड्याला. अन् ह्यांचा थाट लई न्यारा.”

मनस्विनीला हसू आलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा काल फोन आला होता. वच्छलाबाईंचे मालक येतील, त्यांना त्या टिकलेल्या पेशी दाखव, म्हणाले. आजारही सांगितला होता. इथं कितीतरी पेशंटांचे नमुने आले, पण काचेत तग धरला तो एकाच बाईच्या पेशींनी. नाव लॅबला कळत नाही, नुसता नंबर असतो. त्या बाईचा आजार मात्र वच्छलाबाईंचाच. माणसं इथं कसली आशा घेऊन येतात, हे मनस्विनी जाणून होती. म्हणून ती जपून बोलत होती.

“आता ही दुसरी डिश बघा. हिच्यात काल ग्रीन टीमधलं सत्त्व घातलंय.”

आधी तिनं स्वतः पाहिलं. पेशी आक्रसल्या होत्या, कडेला फुगे धरून त्यांचे नेटके तुकडे होत होते. कुठं फाटणं नाही, सांडणं नाही; प्रत्येकीनं आपला पसारा आपणच आवरलेला. कितीदाही पाहिलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. किड्यांनी खाऊ नये म्हणून एक पान कडू होतं, आणि तोच कडूपणा माणसाच्या पेशीला तिच्या विसरलेल्या मरणाची आठवण करून देतो. पानाची आणि पेशीची ही ओळख कधीची?

आप्पासाहेबांनी बराच वेळ पाहिलं.

“मेल्या?”

“हो.”

“नुसत्या चहानं?”

“काचेत, काका. पोटात गेल्यावर असंच होतं, हे अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही. काकूंचे उपचार सोडू नका.”

“तिला असला चहा देऊन बघा. तोंडावर फेकंल. दूध-साखरेबिगर कप हातात धरत नाय.”

“त्यांनाही आणायचं ना सोबत.”

“तिच्यासाठीच तर आलो.”

मनस्विनीनं पहिली डिश पुढ्यात ओढली, पिपेट भरलं. “हिच्यात निम्मंच सत्त्व घालून बघते. एवढ्यावरही काम झालं, तर फार मोठी गोष्ट होईल. त्या पेशंटच्या पेशींच्या बाकी डिश प्रयोगांत संपल्या, ही शेवटचीच आहे.”

“सगळ्या मरतील?”

“मरायलाच हव्यात.”

तिला वाटलं, आता तरी म्हाताऱ्याचा चेहरा खुलेल. आप्पासाहेबांनी आपला रुंद तळवा डिशवर धरला. काचेला न लावता, अलगद.

“थांब पोरी,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात वच्छलेचं वर्षश्राद्ध घातलं. मग डॉक्टर म्हनले, ती अजून इथं हाय. थोडी राहू दे.”