अकराव्या खुणेनंतरचा पूल

व्हेनिसच्या नकाशा-शर्यतीत दरवर्षी बाहेरचे लोक वाट चुकतात आणि आम्ही गावातले हसतो. यंदा अकराव्या खुणेवरून बाराव्या खुणेकडे जाताना मी नकाशा उघडलाच नाही. माझा जन्मच त्या गल्लीतला. पंधरा पायऱ्यांचा पूल चढले, उतरले, पोचले. धाकटा भाऊ नेवियो नेहमीसारखा माझ्या मागे चिकटून होता. त्याच्या बुटांचा आवाज पुलावर येत होता.

शेवटी बोटाला बांधलेली, प्रत्येक खुणेवरची वेळ टिपणारी चिप मशीनला लावली. निघालेला कागद पंच अल्वीझेकाकांनी वाचला आणि चष्माच काढला.

"ओर्नेल्ला, अकरा ते बारा चाळीस सेकंद? बाकीच्यांना चार मिनिटं लागलीत. कालवा पोहून आलीस काय?"

"पुलावरून आले."

"कुठल्या?"

त्यांनी नकाशा पुढे सरकवला. दोन खुणांच्या मध्ये नुसतं निळं पाणी होतं.

"मीही तिथलाच आहे, बाई. तिथे पूल कधीच नव्हता."

शर्यत अर्धवट सोडणाऱ्यानेही येऊन चिप दाखवायची, तोवर कुणी सामान आवरायचं नाही, हा आमचा नियम. एकच चिप यायची राहिली होती. नेवियोची.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नेवियो धापा टाकत होता. मागे दगडी पायऱ्यांवर बुटांचा आवाज येत होता, दोघांच्या.

"ताई, थांब की गं जरा! अजून किती चढायचं? आणि मघापासून हाका मारतोय, मागे वळून का बघत नाहीस?"