दूरच्या सरांची विद्यार्थिनी

वत्सलाबाई संगणकाच्या पडद्यापुढून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. मिरजेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर निव्वळ हौसेखातर त्यांनी ताऱ्यांचा अभ्यासक्रम घेतला होता. शिकवणारे दाभाडे सर यानातून सूर्यमालेबाहेर चालले होते. यान जसजसं लांब जाई, तसतशी उत्तरं उशिरा येत.

"आई, इथल्याच कुणाला विचारा की," सून मृदुला म्हणाली.

"इथलं कोण तिकडे निघालंय?"

तेवढ्यात सरांचा आवाज आला. "वत्सलाबाई, बाकी सगळ्यांनी वर्ग सोडला. यापुढे माझं उत्तर पोचायला वर्षं लागतील. तुमचं वय पाहता विचारतो, वर्ग थांबवू का?"

वत्सलाबाई येरझारा घालू लागल्या. त्या माणसाशी बोलायला आता दुसरं कोणीच उरलं नव्हतं. त्या तडक माइकपाशी आल्या. "थांबायचं नाही, सर. माझी एक शंका आहे." शंका विचारून त्यांनी संदेश पाठवूनही दिला.

"पण उत्तर येईल तेव्हा..." मृदुला अडखळली.

"तेव्हा मी नसेन. तू ऐक."

"मला काय कळणार त्यातलं?"

"मग बस इथे," दुसरी खुर्ची ओढत वत्सलाबाई म्हणाल्या. "पहिला धडा आत्ताच घेते."