वरचं गाणं

"खाला, बोट आडवं नका टाकू. तारेवर उभं ठेवा," बन्सीसर म्हणाले.

जैतुनबीनं बोट उभं केलं. ढुम्म. तार घुमली, आणि तो आवाज कानात जायच्या आधी मांडीत, मग पोटात उतरला. औरंगपुऱ्यातल्या त्या माडीवर दुपारी सगळंच असं गुंगल्यासारखं व्हायचं. खाली रिक्षांचा नुसता कालवा, पण वर बसलं की तो लांबच्या कुठल्या गावचा वाटायचा.

साठीची बाई बेस गिटार शिकते म्हटल्यावर मुकुंदवाडीत काय कमी हसं झालं? शेजारची दगडाबाई तर तोंडावरच म्हणाली, "अगं बया, चारच तारा? दोन तुटल्या म्हणून स्वस्तात दिली का काय?"

जैतुनबी पण हसली. सांगणार तरी काय? गिटार तिच्या नवऱ्याची, चांदपाशाची. तीस वर्षं तो ऑर्केस्ट्रात ती वाजवत गावोगाव हिंडला. त्याच ऑर्केस्ट्रात गायला मुनिरा. आणि लोकांची तोंडं कोण धरणार! चांदपाशा अन् मुनिराचं काय काय ते जैतुनबीनं नळावर ऐकलं, लग्नघरात ऐकलं, मय्यतीला गेली तिथंही ऐकलं. नवऱ्याला मात्र तिनं कधी विचारलं नाही. गेल्या साली तो गेला आणि विचारायचं राहूनच गेलं.

उरला होता एक तुकडा. घरी असला की चांदपाशा रोज सकाळी बाहेरच्या खोलीत बसून तोच एक तुकडा वाजवायचा. दुसरं काही नाही. चहा घेऊन ती बाहेर आली की त्याचा हात थांबलेला. आणि गंमत बघा, हातातलं काम टाकून ती आतूनच कान द्यायला लागली, की नेमकं तेव्हाच ते ढुमढुमणं बंद! मनात चोरी असल्याशिवाय माणूस असं करतो होय?

म्हणून ती बन्सीसरांकडं आली होती. त्यांच्या दाराला क्लासची पाटी नव्हती. ओळखीनं यायचं, एका वेळी एकानंच बसायचं. पहिल्याच दिवशी तिनं तो तुकडा तोंडानं म्हणून दाखवला.

"सर, मला बाकी काय नको. येवढं एकच शिकवा."

सरांनी तो दोनदा म्हणायला लावला. "शिकवतो. पण खाला, ही नुसती खालची बाजू हाय. बेस कधी एकट्यासाठी नसतो, त्याच्यावर कुणीतरी गात असतं. वरचं गाणं कुठलं?"

"तेच तर पायजे मला," जैतुनबी म्हणाली.

तीन महिने गेले. बोटांना फोड आले, फुटले, कातडी निबर झाली. तुकडा हळूहळू हाताखाली यायला लागला. वाजवता वाजवता तिला तंद्री लागायची. समोर बाहेरची खोली, उन्हाची तिरीप, आणि पाठमोरा चांदपाशा. आता वळून बघील, असं वाटायचं. तो काही वळायचा नाही.

इकडं सर हार्मोनियम घेऊन एकेक गाणं वर बसवून बघत होते. ऑर्केस्ट्रात चालायची ती सगळी गाणी झाली. एकही बसेना. कुठंतरी पाऊल अडखळायचंच.

एका दुपारी तिनं गिटार मांडीवरून खाली ठेवली. "सर, मुनिराला बोलवा."

"जाऊ द्या ना, खाला. माणूस गेलं. आता कळून काय करणार?"

"काय करणार? एक तर त्यांच्यासाठी रडीन, नाय तर त्यांच्यावर चिडीन. सालभर दोन्ही जमंना झालंय मला."

 सरांनी नंबर शोधून फोन लावला.

मुनिरा आली ती जिन्यावर तीनदा थांबत. गुडघे गेलेले, जाड भिंगांचा चष्मा. जैतुनबीनं मनात जिला इतकी वर्षं शिव्या घातल्या, ती ही? राग करायलासुद्धा बाई पुरेशी शिल्लक राहिली नव्हती.

"सलाम, भाभी," मुनिरा म्हणाली.

जैतुनबीनं सलाम घेतला. गिटार उचलली आणि तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. कुठंच चुकली नाही.

मुनिरानं कपाळाला हात लावला. "या अल्ला! हे तर चांदभाईंचं!"

"ओळखता?"

"ओळखता काय म्हणता, भाभी! दौऱ्यावर असलो की पडदा उघडायच्या आधी रोज मला हेच गायला लावायचे. तबला नको, पेटी नको, नुसते मी अन् ते. हे एकदा झाल्याबिगर स्टेजवर पाय ठेवायचे नाहीत. लई वर्षं चाललं असं."

झालं. हेच ऐकायला आली होती ना? मग इतकं का दुखावं? जैतुनबीनं गिटार पुन्हा नीट मांडीवर घेतली. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"गा," ती म्हणाली. "पुरं गा. मी वाजवते."

तिनं डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली. मुनिराचा आवाज पिकला होता, पण सूर अजून जागेवर होता. आणि खरंच, तीन महिने जे कुठल्याच गाण्याला जमलं नव्हतं ते जमलं. खालची बाजू आणि वरचं गाणं एकमेकांत अलगद बसत गेली.

"अजिंठ्याच्या घाटामंदी, गाडी लागली वळणाला
माझी जैतुन दिली, बाई, औरंगाबाद शहराला..."

जैतुनबीचं बोट तारेवरच राहिलं. ही ओवी तिच्या अम्माची, लेकीचं लग्न ठरलं तेव्हा जात्यावर जुळवलेली. सासरी आल्यापासून जैतुनबीनं ती कुणापुढं एकदाही म्हटली नव्हती. म्हणायची ती फक्त सकाळी, आत चुलीपाशी, एकटीच भाकरी थापताना. आणि बाहेर कान द्यायला हात थांबला, की तिची ओवीही तिथंच थांबायची.