उसातलं जनावर

"पाय घे की रे तिकडं, गिअर टाकता येईना," मोतीराम पुटपुटला.

हिरामणचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि बहिणीच्या बाजूला सरकवला. सिंधुबाईने पदर सावरून जागा केली. पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं बसले की कोणाला तरी अंग चोरावंच लागे, आणि ते बहुतेक वेळा तिलाच.

मोतीरामची कुरकुर खरं तर पायाबद्दल नव्हती. शेतीच्या राखणीसाठी घेतलेल्या बंदुका आता निवडणुकीपुरत्याच नाही, तर कायमच्या पोलीस ठाण्यात ठेवायच्या, जनावराचा त्रास झाला की अर्ज करून न्यायच्या, असं काहीतरी घाटत होतं. त्यावरच्या हरकती ऐकायला प्रांतसाहेब आज निफाडला बसणार होते.

"अर्ज मंजूर व्हईस्तोवर जनावर थांबंल का?" पिंपळगाव मागे पडेपर्यंत त्याचं हे निरनिराळ्या तऱ्हांनी विचारून झालं होतं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांचं घर उसाला लागून. शेजारच्या वस्तीवरची वासरं गेली होती, दिवेलागणीनंतर बायका अंगणातसुद्धा एकट्या येत नसत. बंदूक सासऱ्यांपासूनची. दसऱ्याला तिची पूजा सिंधुबाई करायची. गेल्या दसऱ्याला मात्र तिने हळदकुंकवाचं ताट सुनेच्या हातात दिलं आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसली. धूर लागला म्हणून डोळे पुसते आहे, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

मोतीरामने हरकत लेखी दिली होती. पण त्याची खरी हरकत म्हणजे हिरामण. म्हणून तर त्याला सैल पायजमा घालून आणलं होतं. वर करून दाखवता आला पाहिजे.

मागच्या साली हिरामण उसाला पाणी भरायला गेला आणि त्याला उचलूनच बाहेर आणावं लागलं. पायाची पार चाळण झालेली. दवाखाना मोतीरामच्या ओळखीचा. डॉक्टरांनी विचारलं, कोणी केलं? हिरामण म्हणाला, वाघानं. खेड्यात बिबट्याला बिबट्या म्हणतं कोण? डॉक्टरांनी कागदावर बिबट्या लिहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

तेव्हापासून मोतीरामने मेहुण्याला कामाला हात लावू दिला नव्हता. तव्यावरची पहिली भाकरी त्याला. असा दाजी मिळायला नशीब लागतं, असं पाहुणेरावळे म्हणायचे. गावातले लोक मात्र हे ऐकलं की पावसापाण्याचा विषय काढत.

नाव पुकारल्यावर मोतीराम उभा राहिला आणि चांगलं बोलला. रात्रीअपरात्री वीज येते, पाणी भरायला जावंच लागतं, ठाणं कुठं आणि वस्ती कुठं, सगळं सांगितलं. मग आवाज चढला.

"साहेब, ऊस हलला की इचार करायला टाइम नसतो. बार काढावाच लागतो. हा बघा माझा मेहुणा."

त्याने हिरामणचा पायजमा गुडघ्याच्या वर सारला. सभागृहात चुकचुक झाली. सिंधुबाई फरशीकडे बघत राहिली. त्यांच्या गावची जी मंडळी आली होती ती वर पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

प्रांतसाहेब हळहळले. अशा वस्त्यांना सवलत देता येईल का, हे बघू म्हणाले. मोतीरामने रुमालाने मान पुसली.

तेवढ्यात वनखात्याच्या प्रतिभा मॅडम उठल्या. नाशिकहून आल्या होत्या. त्या घटनेनंतर तिथे पिंजरा लावला होता, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. एक मादी सापडली. माणसावर हल्ला केलेली म्हणून तिला परत सोडलं नाही, ती अजून पिंजऱ्यातच आहे. तिचे बछडे उसात राहिले, ते काही हाती लागले नाहीत. म्हणून हल्ला करणारी तीच होती का, याची एकदा खात्री करून घ्यायची होती.

सिंधुबाईला तो दिवस आठवला. पिंजरा टेम्पोत चढवताना सगळं गाव मोबाइल घेऊन लोटलं होतं. हिरामण तेवढा घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या दिवशी तो जेवला नाही. भेदरलाय अजून, असं बाहेर कोणीतरी म्हणालं होतं.

"दादा, तुम्ही तिला पाहिलं होतं?" मॅडमनी विचारलं.

हिरामणच्या आधी मोतीरामच बोलला. "तो काय सांगंल मॅडम? वाघ आला पाठीमागून."

मॅडम हसल्या. "वाघ नाही हो काका. निफाडात वाघ कुठून येणार? बिबट्या म्हणा."

मागच्या खुर्च्यांवर थोडं हसू फुटलं. मोतीरामही हसला, जरा जास्तच वेळ.

इतका वेळ सिंधुबाईचा हात भावाच्या दंडावर होता. दवाखान्यातही तो तिथेच होता, आणि त्यातला दाब त्याला बरोबर कळला होता. आता तिने तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

हिरामणने वर सारलेला पायजमा सावकाश खाली केला. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मोतीराम म्हणाला, बस रे, पाय दुखंल. तो बसला नाही.

"तिला सोडून द्या, मॅडम. बिबट्या नव्हताच," तो म्हणाला. "मी दवाखान्यात बी खरंच सांगितलं व्हतं. वाघानं."

"अहो, पण इथे वाघ—"

"हाय ना. मोतीराम रावजी वाघ."