एक गाडी, एक चाक

बॉनेटखालून अजून वाफ निघत होती. दादा गाडीकडे असा बघत होता, जणू घरातलंच कुणी तापाने फणफणलंय.

शेपटाने फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण अर्धा आटा फिरवलं, फुस्स होऊ दिलं आणि काढून थेट आपल्या दप्तरात टाकलं. गॅरेजच्या पसाऱ्यात हरवलं तर पुन्हा शोधत बसा. ती दादाची धाकटी बहीण, होती बारावीत, पण लहानपणी सतत दादाच्या मागेमागे, म्हणून नाव पडलं शेपूट, आणि ते लायसन्स हातात आल्यावरही सुटलं नव्हतं.

दोघांचे वडील, अप्पा, जुन्या टायरांच्या चळतीवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांत आताशा नुसतं धुकं होतं. गाडी ते कानाने आणि बोटांनी बघत, जे उरे ते शेपूट बघून सांगे.

"बोल," अप्पा म्हणाले.

बोलायचं दादालाच होतं. बंद पडलेली भरली लॉरी टोचन लावून तो चढावर ओढत होता. निम्म्या चढावर भसकन पाणी उसळलं, काचेवर वाफच वाफ. त्याने तिथल्या तिथे गाडी थांबवली, निवू दिली, पाणी भरलं आणि रिकामीच परत आणली. काटा म्हणे निम्म्याच्या वर गेलाच नव्हता.

"काटा निम्म्यावर आणि पाणी उकळलं," अप्पा म्हणाले. "गंमतच आहे."

 दादाला काय म्हणायचं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं. या डिझेल इंजिनावर मोठा टर्बो अप्पांनी स्वतःच्या हाताने चढवला होता, पंपातून डिझेलही त्यांनीच वाढवलं होतं. गाडी हत्तीसारखी ओढायची आणि अप्पा चारचौघांत मिशीला पीळ द्यायचे. तो टर्बो जरा जास्तच होतो, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती?

आणि या घरात एक नियम होता. इंजिन ज्याच्या हातून भाजलं, त्याने पुन्हा चाकाला हात लावायचा नाही. काकाच्या हातून एकदा भाजलं होतं. सख्खा भाऊ, पण अप्पांनी उभ्याउभ्या किल्ली काढून घेतली. काका आता कुठल्याशा गोदामाच्या दारात स्टूल टाकून बसतो आणि घरावरून जाताना मान वळवत नाही.

"शेपटा, नीट बघ गं," दादा हळूच म्हणाला. "तुझ्यावर आहे सगळं."

मग शेपूट कामाला लागली. कंपासमधलं करकटक काढून तिने रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि चिखल टोकाने उकरला. फारसं काही निघालं नाही. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, ताठ होता. झाकण न लावता गाडी चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिली. एकही आला नाही, म्हणजे हेड गॅसकेट धड होतं. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात सोडला, तर त्याने शहाण्यासारखं तोंड उघडलं.

प्रत्येक वेळी दादा मान लांब करून विचारायचा, सापडलं का. प्रत्येक वेळी ती मान हलवायची.

"झाकण?" अप्पांनी विचारलं. झाकणाचं रबर फाटलं की दाब टिकत नाही आणि इंजिन फारसं न तापताही पाणी उसळतं.

तिने दप्तरात हात घालून झाकण काढून दिलं. अप्पांनी रबरावरून अंगठा फिरवला, स्प्रिंग दाबून बघितली. "नव्यासारखं आहे."

"हो ना," शेपूट म्हणाली. "सकाळी पाणी-ऑइल बघितलं तेव्हाही ठीकच होतं."

ते रोजचं काम तिचंच. दादा तिला चिडवायचा, की गाडीला सकाळी तू आंघोळपाणी घाल, चालवायचं मी बघतो. चालवायलाही त्यानेच शिकवलं होतं, मोकळ्या मैदानात, एक शब्द न रागावता. पण रस्त्यावर गाडी काढायचा विषय निघाला की अप्पांचं ठरलेलं, गाडी एक आणि चाकही एक, म्हणजे चालवणाराही एकच.

"आता राहिलं बटण," अप्पा म्हणाले.

दादाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. इंजिनच्या मागच्या अंगाला, हात घालूनच सापडेल अशा जागी, अप्पा एक बटण चिकटवत. त्याच्या मधोमध मऊ धातूचा ठिपका. इंजिन हद्दीबाहेर तापलं की तो वितळून गळतो आणि तिथे खळगा उरतो. माणूस खोटं बोलेल, बटण बोलत नाही.

"बघाच अप्पा," दादा म्हणाला. "ते गेलं असेल तर मी स्वतः किल्ली देतो."

शेपटाने अप्पांचं मनगट धरलं आणि हात आत नेला. त्यांची बोटं चाचपत गेली. मग तर्जनी थांबली. तिचं टोक अलगद खळग्यात उतरलं.

अप्पांनी हात बाहेर काढून फडक्याला पुसला. खूप वेळ पुसला.

दादाने स्वतः हात घालून बघितला. पुन्हा बघितला. "काटा निम्म्यावर होता हो," एवढंच तो म्हणाला.

"काकाचाही होता," अप्पा म्हणाले आणि तळहात पुढे केला.

किल्ली दादाकडून अप्पांकडे आली आणि तिथे क्षणभरसुद्धा न थांबता शेपटाच्या हातात पडली. अप्पा भिंत चाचपत घरात गेले.

दादाने सीटवरची आपली उशी काढली, जरा विचार केला आणि परत तिथेच ठेवली. "तुझी उंची कमी पडते," तो म्हणाला. "चढावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेव. आणि रडू नकोस वेडे, तू तुझ्याकडून सगळं बघितलंस." तिच्या डोक्यावर टपली मारून तो फाटकाबाहेर पडला.

ती त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग किल्ली ठेवायला तिने दप्तर उघडलं. तळाशी, पुस्तकांखाली, रबर फाटलेलं एक दुसरंच झाकण होतं. कंपासमध्ये, करकटकाच्या रिकाम्या खाचेत, मऊ धातूचा ठिपका होता, गोल, अख्खा, कुठेही न वितळलेला, त्याच्या मधोमध करकटकाच्या टोकाचं बारीकसं भोक.