तेंगेचा भाव

कारागांदाच्या शाळेत रौशन आपाय (बाईंना आम्ही आपाय म्हणतो) आम्हाला अर्थशास्त्र शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी डॉलरचा भाव लिहिला: एकशे पंचावन्न तेंगे. "सरकार तो धरून ठेवतं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात तोगजान मोबाइल बघून ओरडली, "आपाय, सरकारनं हात सोडला! एकशे पंच्याऐंशी!" आम्ही खिदळलो. आपायनी मोबाइल मागून घेतला, बातमी दोनदा वाचली. "काल ज्याच्याकडे नुसते तेंगेच होते, त्याचं काय झालं?" ओल्जासनं विचारलं. "तूच काढ." त्यानं भराभर हिशेब मांडला. "डॉलर घ्यायला गेला तर सहावा हिस्सा बुडाला! एवढा बावळट कोण असेल?" शिकवताना कधीही न बसणाऱ्या आपाय खुर्चीत बसल्या. "मी," त्या म्हणाल्या. "परवाच घर विकलं. आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया सेऊलला ठरलीय, डॉलर भरायचेत." ओल्जासचा चेहरा पांढराफटक पडला. "हिशेब बरोबर आहे तुझा," आपाय हळूच म्हणाल्या.